एका घरातल्या दोन चुली : संगणकावरील दुहेरी व्यवस्थेचा एक इतिहास

१

जुन्या मराठी दप्तरांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पत्रव्यवहार, हिशेब, करारमदार हे सारे मोडीत; पोथ्या मात्र बाळबोधीत. लिहिणारा हात पुष्कळदा एकच असे. मोडी ही धावत्या हाताची लिपी. तिला ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर नाही. बाळबोध थांबून लिहायची, उच्चाराशी बांधलेली. दोहोंचे नियम वेगळे, प्रतिष्ठा वेगळी, कामे वेगळी. तरीही त्या शतकानुशतके एका समाजात, एका घरात आणि एकाच बोटांत नांदल्या. पुढे छापखान्याने बाळबोधीची बाजू घेतली, विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतूनही गेली, आणि दोन पिढ्यांत अशी स्थिती आली की आजोबांच्या हातचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, भाषाही तीच होती. गेली होती ती वाचण्याची व्यवस्था.

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली, म्हणजे दोन ऑपरेटिंग सिस्टीम, सुरक्षितपणे कशा नांदवायच्या हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत मराठीत जे संगणकावर टंकित झाले, त्यातले बरेच काही आज त्या खरेदीखताच्याच अवस्थेत आहे. प्रबंध, बोलींचे शब्दसंग्रह, लोकगीतांची संकलने, छोट्या नियतकालिकांचे अंक हे सारे चकत्यांवर आणि सीडींवर आहे. पण ज्या व्यवस्थेत ते लिहिले गेले ती व्यवस्था निवृत्त झाली आहे. नव्या व्यवस्थेत जायचे आणि जुनीही काही काळ जिवंत ठेवायची, ही गरज त्यामुळे केवळ संगणकाच्या हौशी लोकांची राहिलेली नाही. ती दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाची आहे. या दुहेरी व्यवस्थेला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातले धोके जसेच्या तसे आपल्यापर्यंत पोहोचलेले आहेत. त्यांतला एक मी जवळून पाहिला आहे.

२

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी २००६ च्या सुमारास मराठी विभागात तासिका तत्त्वावर शिकवीत असे. विभागात एकच संगणक होता. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हिंडून दंडार आणि खडीगंमत यांतली गाणी, म्हणी, झाडीबोलीतले शब्द वर्षानुवर्षे वह्यांत टिपून ठेवले होते. त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. सर म्हणत, जिल्हे दोन झाले, गाणी अजून एकाच जिल्ह्यात आहेत. निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत त्यांनी वह्यांतला मोठा भाग स्वतः त्या संगणकावर उतरवला.

यंत्रावर विंडोज ९८ होते आणि त्यावर देवनागरी टंकनाचे एक सॉफ्टवेअर. त्या काळच्या अशा अनेक सॉफ्टवेअरांबरोबर 'डोंगल' येई. यंत्राच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जागी बसवायची ही किल्लीसारखी डबी. ती नसली तर सॉफ्टवेअर उघडत नसे. साहजिकच विंडोज ९८ काढून टाकणे शक्य नव्हते. दुसरीकडे युनिकोडमधील मराठी दिसू लागली होती, मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू होता, आणि सरांना आपला संग्रह त्या नव्या लिपिव्यवस्थेत जावा असे वाटत होते. विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी नीट येत नव्हती. नवी विंडोज घेण्याइतका पैसा विभागाकडे नव्हता. त्या वर्षांत उबुंटू या लिनक्स प्रणालीची सीडी मागणी नोंदवली की टपालाने फुकट घरी येत असे. आमच्याकडेही तशी आली. एका विद्यार्थ्याने ती बसवली, आणि त्या दिवसापासून यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटू लागल्या. वरची ओळ निवडली तर लिनक्स, खालची निवडली तर विंडोज. सर त्याला 'एका घरातल्या दोन चुली' म्हणत.

३

या दोन ओळींच्या मागे काय आहे, ते थोडे पाहू.

संगणक सुरू होतो तेव्हा त्याला आपण कोण आहोत हेही ठाऊक नसते. त्याच्या मूळ चिपमधला छोटासा कार्यक्रम हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्याकडे जातो आणि तिथे लिहिलेले वाचून कामाला लागतो. हा कप्पा केवळ ५१२ बाइटांचा. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांना, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन खुणेला. तक्त्यात चारच नोंदी बसतात. प्रत्येक नोंद सांगते की अमुक वाटा इथून सुरू होतो, तिथे संपतो आणि अमुक प्रकारचा आहे. ही रचना १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्राबरोबर आणि डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर आली. त्या यंत्राची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. आजच्या मोबाइलवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे तिच्यात मावली असती. एवढ्याशा जागेचीही वाटणी करण्याची सोय मुळातच ठेवली होती, कारण एका डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणालींना जागा मिळावी अशीच अपेक्षा होती. त्या वेळी डॉस ही एकमेव प्रणाली नव्हती. दुहेरी व्यवस्था ही नंतर सुचलेली पळवाट नाही, तर घर बांधतानाच आखलेली खोली आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र वाटणीच्या तक्त्याची एकच प्रत होती, आणि सुरुवातीच्या आज्ञांची जागाही एकच. जी प्रणाली शेवटी येईल ती त्या जागेवर आपले नाव लिहील. आयबीएमच्या ओएस/२ ने निवडीसाठी वेगळा 'बूट मॅनेजर' दिला. १९९३ च्या विंडोज एनटीने डॉससाठी निवडीची एक ओळ ठेवली. परंतु घराघरांत पोचलेल्या विंडोज ९५, ९८ आणि पुढे एक्सपी यांची रीत निराळी होती. त्या बसवल्या की पहिल्या कप्प्यातल्या आज्ञा पुसून आपल्या लिहीत; आधीच्या बिऱ्हाडाची चौकशी करीत नसत. त्यामुळे पहिली विंडोज, मग लिनक्स, हा क्रम जाणकारांत रूढ झाला. लिनक्सच्या बाजूने निवडीचे काम आधी 'लिलो' आणि मग 'ग्रब' या कार्यक्रमांनी केले. लिलो बिनसला की पडद्यावर केवळ 'एल' 'आय' एवढी दोन अक्षरे उमटून यंत्र गोठत असे. ज्यांनी ती दोन अक्षरे पाहिली आहेत, ते आजही यंत्राला हात लावण्याआधी नक्कल काढून ठेवतात.

लिनक्सचा जन्मही अशाच दुहेरी घरात झाला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली आपल्या यंत्रावर मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली प्रणाली ठेवली होती आणि तिच्याच आधाराने तो स्वतःची प्रणाली लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने तिची वार्ता जगाला दिली. पुढे एकदा विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावण्याची आज्ञा त्याने चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच दिली आणि मिनिक्सचा वाटा बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी आपलीच प्रणाली पुरती उभी करावी, असे त्याने ठरवले. हा प्रसंग त्याने आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. पुष्कळदा तो गमतीने सांगितला जातो. पण त्यातली दुसरी बाजूही पाहावी. त्याच्या बिघडलेल्या वाट्यात पुन्हा मिळवता येईल अशी गोष्ट होती. मिनिक्सच्या चकत्या दुसरीकडे होत्या. वैनगंगेकाठी टिपलेल्या गाण्यांच्या चकत्या दुसरीकडे नव्हत्या.

४

मराठीच्या संदर्भात हा इतिहास आणखी गुंतलेला आहे, कारण आपल्याकडे दोन कार्यप्रणालींच्या आत पुन्हा दोन लिपिव्यवस्था होत्या.

आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' हे तंत्रज्ञान सुरुवातीला एका कार्डाच्या रूपात यंत्रात बसवावे लागे. डॉसवर देवनागरी दिसे ती त्या कार्डामुळे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले. त्याची १९९१ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. एका बाइटमध्ये २५६ चिन्हे बसतात. इस्कीने खालच्या १२८ जागा रोमन अक्षरांना तशाच राहू दिल्या आणि वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या वसवल्या. हीसुद्धा एका घरातली दोन बिऱ्हाडेच. पण हद्द आखलेली होती आणि ती पाळली जात होती.

छपाईच्या धंद्यात आणि कार्यालयांत मात्र वेगळीच रीत पसरली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार काढले. पडद्यावर मराठी दिसे, आत रोमन चिन्हांची खिचडी असे. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की अर्थहीन होई. असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, आणि तो फॉन्ट हरवला तर वाचताही येत नाही. सरांचा संग्रह याच रीतीने टंकलेला होता. फाइल आणि फॉन्ट आणि सॉफ्टवेअर आणि डोंगल आणि विंडोज ९८ अशी ती साखळी होती. एक कडी निखळली की सगळे गेले.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगात एकच क्रमांक दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची; पण सामान्य वापरकर्त्याच्या विंडोजमध्ये देवनागरी आली ती २००० साली, विंडोज २००० बरोबर. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवलेला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके नाही. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार आणि कवी. अक्षराच्या दृश्यरूपालाच कवितेचा विषय करणारे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात असताना त्यांच्या हातून 'रघु' हा फॉन्टही घडला, आणि तो मुक्त परवान्याखाली खुला झाल्यामुळे लिनक्सवर देवनागरी आणू पाहणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. एकीकडे मालकी हक्काची प्रणाली, दुसरीकडे मुक्त. दोन्हींच्या पडद्यावर आरंभीच्या काळात उमटलेले देवनागरी अक्षर एकाच मराठी माणसाच्या हातचे होते. आमच्या त्या यंत्रावर सर लिनक्समध्ये 'वैनगंगा' असे टंकून कितीतरी वेळ पाहत बसले होते, ते मला आठवते. त्या अक्षरांमागचा हात कोणाचा, हे तेव्हा आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते.

संक्रमण सरळ मात्र नव्हते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. 'ऱ्य', 'ऱ्ह' यांतला अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो आणि दिसायला दोन्ही सारखेच. त्यामुळे डोळ्याला एक वाटणारा शब्द शोधयंत्राला दोन वाटतो. झाडीबोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो. 'डोळे'चे 'डोरे' होतात. रूपांतराचा कार्यक्रम असे शब्द चुकीचे मानून सुधारत नाही ना, हेही पाहावे लागे. म्हणून जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून तपासणे आवश्यक होते. दोन्ही चुली पेटत्या ठेवण्याचे खरे कारण हे होते.

५

२००७ च्या उन्हाळ्यात विंडोज ९८ मध्ये विषाणू शिरला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने विंडोज पुन्हा बसवायचे ठरवले. त्यासाठी तो डॉसच्या जुन्या 'एफडिस्क' या कार्यक्रमात गेला. एफडिस्कला लिनक्स ओळखता येत नाही. त्याने वाटणीचा तक्ता दाखवला, त्यात आपला वाटा नावाने दाखवला आणि बाकीच्या वाट्यांपुढे केवळ 'नॉन-डॉस' एवढेच लिहिले. मुलाने ते वाचले, कामाचे नाही असे ठरवले आणि काढून टाकले. मग त्याने विंडोजचा वाटाही काढला, कारण सगळी जागा एक करून त्याला नव्याने सुरुवात करायची होती. यंत्र पुन्हा सुरू करून नवे वाटे पाडायचे, एवढ्यात वीज गेली.

चंद्रपूरच्या वाचकांना यातली गंमत सांगायला नको. महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या शहराच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतात, आणि त्या वर्षांत भारनियमनाचे तासही ठरलेले असत. मुलगा दुसऱ्या दिवशी येतो म्हणून निघून गेला. त्या भारनियमनाने आमचा संग्रह वाचवला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. मला मात्र त्या 'नॉन-डॉस' शब्दाने पुढे बरेच दिवस छळले. हा शब्द आमच्या भागाला नवा नाही. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताची जमाबंदी झाली तेव्हा नांगराखाली नसलेली, कुणाच्या नावावर नसलेली जमीन दप्तरात 'पडीक' म्हणून दाखल झाली. त्या जमिनीवर मोह होता, तेंदू होता, बांबू होता, शिकार होती, देव होते. पण जमाबंदीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. जे आपल्या रकान्यात बसत नाही ते रिकामे आहे, असे मानले गेले, आणि गावांच्या वाट्याच्या पलीकडचे रान सरकारी झाले. एका व्यवस्थेची नोंदवही दुसऱ्या व्यवस्थेला ओळखत नसेल तर ती तिला नाकारत नाही; ती तिला रिकामी जागा म्हणून नोंदवते. त्यानंतरचे पुसणे हे मग कुणालाच पुसणे वाटत नाही.

सुदैवाने वाटणीपत्र फाडल्याने शेत नाहीसे होत नाही. तक्त्यातली नोंद पुसली गेली तरी डिस्कवरचा मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जागच्या जागी असतो. आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र ताब्यात घेतले आणि त्यावर काहीही बसवू दिले नाही. सीडीवरूनच चालणारी लिनक्स सुरू करून त्याने 'टेस्टडिस्क' हा मुक्त कार्यक्रम चालवला. तो कार्यक्रम डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत चाचपत जातो आणि वाट्यांच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. जुना मोजणीदार जमिनीत गाडलेले हद्दीचे दगड शोधतो तसा. संध्याकाळपर्यंत तिन्ही वाटे सापडले. तक्ता पुन्हा लिहिला. सरांनी पहिल्यांदा उघडली ती शब्दांची फाइल. ती उघडली तेव्हा ते काही बोलले नाहीत. चारपाच फाइली मात्र विषाणूनेच खाल्ल्या होत्या. त्यांतली काही गाणी वह्यांवरून पुन्हा टंकता आली. एका वहीची पाने वाळवीने आधीच नेली होती; ती गाणी कुठेच नाहीत.

६

त्या प्रसंगानंतर आम्ही काही नियम घालून घेतले. आज यंत्रे बदलली आहेत. तरी त्या नियमांचा गाभा बदललेला नाही, म्हणून ते आजच्या संदर्भासह मांडतो.

पहिला नियम नकलेचा. वाटणीला हात लावण्याआधी सगळा मजकूर त्या यंत्राबाहेर, दुसऱ्या डिस्कवर गेलेला असावा, आणि ती नकल उघडून पाहिलेली असावी. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे, आशा आहे. दुसरा नियम असा की, ज्याचा वाटा त्यानेच आखडावा; विंडोजची जागा कमी करायची तर ती विंडोजच्या स्वतःच्या साधनाने, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स. शक्य असेल तर दोन प्रणालींना दोन स्वतंत्र डिस्क द्याव्यात. सगळ्यांत निर्धोक वाटणी तीच.

तिसरा नियम सामायिक जागेचा, आणि इथे आमच्या भागाचाच एक शब्द उपयोगी पडतो. पूर्व विदर्भात मालगुजारी गेल्यानंतर 'निस्तार पत्रके' तयार झाली. गावाने कोणत्या जंगलातून सरपण, बांबू, चारा आणावा, कुठे गुरे न्यावीत, याची ती नोंद. निस्ताराची जमीन कुणा एकाची नसते. तिच्यावर वहिवाट असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने या हक्काचा आग्रह धरला, 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. एका भूमीवर दोन व्यवस्था नांदायच्या तर हद्दीबरोबर निस्तारही लिहून ठेवावा लागतो, हे त्या गावाला संगणकवाल्यांच्या किती तरी आधी कळले होते. आम्ही डिस्कवर एक तिसरा वाटा पाडला, दोन्ही प्रणालींना वाचता-लिहिता येईल अशा पद्धतीचा, आणि संग्रह तिथे हलवला. एकीने दुसरीच्या घरात शिरायचे नाही; दोघींनी निस्ताराच्या जागेत भेटायचे. एक अडचण तिथेही आली. लिनक्समधून फाइलीला देवनागरी नाव दिले की विंडोज ९८ ला ते वाचता येत नसे आणि ती फाइल उघडतही नसे. शेवटी नावे रोमनमध्ये ठेवली. सामायिक जागेत काही वेळा दोघांनाही येणारी भाषा बोलावी लागते.

चौथी गोष्ट घड्याळाची. विंडोज यंत्राच्या घड्याळाला स्थानिक वेळ मानते. लिनक्स बहुधा जागतिक वेळ मानते आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवते. त्यामुळे एकीतून दुसरीत गेले की वेळ साडेपाच तासांनी सरकते. हे किरकोळ वाटते, पण फाइलीची शेवटची दुरुस्ती केव्हाची, कोणती प्रत जुनी आणि कोणती नवी, हे त्या वेळेवरूनच ठरते. पाठचिकित्सा करणाऱ्याला याचे महत्त्व सांगावे लागू नये. दोघींपैकी एकीला दुसरीची रीत मान्य करायला लावणे, हाच उपाय. त्यासाठीची सोय दोन्हींत आहे.

२०१२ साली विंडोज ८ आली आणि घराचा नकाशाच बदलला. पहिल्या कप्प्याऐवजी 'यूईएफआय' ही व्यवस्था रूढ झाली. तिच्यात सुरुवातीच्या आज्ञांसाठी एक स्वतंत्र वाटा असतो आणि प्रत्येक प्रणालीला त्यात आपापला कप्पा मिळतो, त्यामुळे एकीने दुसरीचे नाव पुसण्याची गरज उरली नाही. नव्या वाटणीतक्त्यात चारऐवजी साधारणपणे १२८ नोंदी बसतात, आणि मुख्य म्हणजे त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. १९८३ ची चूक अशी तीस वर्षांनी दुरुस्त झाली.

नवे धोकेही आले. 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था सहीशिक्क्याशिवाय कुणालाही दारातून आत घेत नाही, आणि तो शिक्का बहुधा मायक्रोसॉफ्टचा असतो. लिनक्सच्या बाजूने त्यासाठी मायक्रोसॉफ्टची सही असलेला 'शिम' हा छोटा मध्यस्थ आणला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर जगभर अनेकांच्या यंत्रांतली लिनक्स दाराबाहेर अडकली, ती याच सहीशिक्क्याच्या तपासणीमुळे. विंडोजचा 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर यंत्र बंद केल्यावरही विंडोज पुरती झोपत नाही, अर्ध्या जागेपणी राहते. अशा वेळी लिनक्समधून तिच्या वाट्यात लिहिले तर मजकूर बिघडू शकतो. तो आधी बंद करावा. 'बिटलॉकर'ने डिस्क कुलूपबंद असेल तर सुरुवातीच्या व्यवस्थेत बदल होताच ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवलेली बरी. डोंगल गेले, किल्ली राहिली.

जुन्या प्रणालीचे काम केवळ जुन्या फाइली उघडण्यापुरते असेल तर आज तिला खरे बिऱ्हाड देण्याचीही गरज नाही. १९९९ पासून व्हीएमवेअरने आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्सने एका प्रणालीच्या आत दुसरी प्रणाली पाहुणी म्हणून चालवण्याची सोय सामान्य वापरकर्त्याला दिली. पाहुणीला खऱ्या डिस्कचा पत्ताच लागत नाही. तिला दिलेली फाइल हेच तिचे जग. सरांचा संग्रह आज मी अशाच पाहुण्या विंडोज ९८ मध्ये उघडतो. डोंगल मात्र तिथे बसत नाही, म्हणून फाइली मूळ सॉफ्टवेअरविना, केवळ फॉन्टच्या आधारे वाचाव्या लागतात. वाचण्यापुरते ते चालते.

७

हा सारा उपद्व्याप भूतकाळासाठी आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा-आधार संपला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप जुन्या यंत्रांत नाही. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या शाळा-महाविद्यालयांत अशी यंत्रे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर पुन्हा लिनक्स बसवली जाईल. बसवणारा पुन्हा एखादा घाईतला मुलगा असेल, आणि त्याच्यापुढच्या यादीत एखादा वाटा 'अज्ञात' म्हणून दिसेल.

त्या अज्ञात वाट्यात काय असू शकते, याचे एक उदाहरण देऊन थांबतो. गोंडी भाषेसाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली. चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली दुसरी गोंडी लिपी २०१८ साली आली. मोडीला तिची जागा २०१४ साली मिळाली होती. म्हणजे ज्या लिप्यांना आपण संपलेल्या किंवा कोपऱ्यातल्या समजत होतो, त्यांना एकेक करून क्रमांक मिळाले. त्यांचे मुक्त फॉन्टही 'नोटो' मालिकेत उपलब्ध आहेत आणि कोणत्याही प्रणालीवर बसवता येतात. पण त्याआधीच्या वर्षांत ज्यांनी कुणी गोंडी, माडिया, झाडीबोली टंकली असेल, त्यांनी ती आपापल्या खटपटीने, सापडेल त्या फॉन्टमध्ये आणि सापडेल त्या यंत्रावर टंकली असणार. ती यंत्रे कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी स्टाफरूममध्ये आहेत.

तेव्हा आपल्या विभागातले जुने यंत्र भंगारात देण्याआधी किंवा त्यावर नवी प्रणाली चढवण्याआधी एक दिवस काढावा. यादी करावी, नक्कल काढावी, फॉन्टही सोबत ठेवावा, आणि ज्याने ते टंकले तो हयात असेल तर त्याला शेजारी बसवून एकदा वाचून घ्यावे. सर २०१५ साली गेले. शब्दसंग्रहात शेवटच्या फाइलीत सतरा शब्दांपुढे त्यांनी केवळ प्रश्नचिन्ह टाकले आहे. वैनगंगेच्या कुठल्या काठावर ते ऐकले, आणि त्यांना कसली शंका होती, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.